एकच साइट मोबाइलवर उघडते, ब्रॉडबँडवर नाही. हे ठरवतं कोण?

अभ्यासिकावाली | सोमवार, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. कोरेगावात (जि. सातारा) मी आणि माझे मिस्टर एक छोटी अभ्यासिका चालवतो. दहा कॉम्प्युटर आहेत, बारावी-सीईटीची आणि स्पर्धा परीक्षांची मुलं येतात. भौतिकशास्त्राचे प्रयोग पडद्यावर करून दाखवणारी एक परदेशी साइट आम्ही दोन वर्षं वापरतोय. दोलक, भिंगं, विद्युतमंडळं, सगळं मुलांना स्वतः हलवून बघता येतं. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत काय अवस्था आहे ते सांगत बसत नाही, त्यामुळे या साइटची किंमत आमच्यासाठी मोठी आहे.

गेले तीन आठवडे ती अभ्यासिकेच्या ब्रॉडबँडवर उघडत नाही. "कनेक्शन रीसेट झाले" एवढंच येतं. त्याच टेबलावर बसून मोबाइल डेटावर उघडली तर लगेच उघडते. कस्टमर केअरला पाच फोन झाले. पहिल्या चौघांनी राउटर बंद-चालू करायला लावला. पाचवा म्हणाला, "मॅडम, ती वरूनच ब्लॉक आहे." वरून म्हणजे कुठून, तर "ते आम्हाला सांगता येत नाही."

२०१५ मध्ये मी पुण्यात एम.एस्सी. करत होते. नेट न्यूट्रॅलिटीसाठी (इंटरनेट कंपनीने सगळ्या साइटना सारखं वागवायचं, हे तत्त्व) ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामकाला, मेल पाठवायची शेवटची तारीख २४ एप्रिल होती. आमच्या मजल्यावर एकच चालू लॅपटॉप होता, त्याच्यापुढे आठ जणींनी रांग लावून आपापल्या खात्यातून मेल पाठवले. पुढच्या फेब्रुवारीत निकाल लागला तेव्हा आम्ही पेढे आणले होते. तेव्हा आपण जिंकलो होतो ना? मग आज माझ्या पोरांना दोलक का दिसत नाही? हे नेट न्यूट्रॅलिटीत बसतं का, आणि दाद कुठे मागायची?

---

पिंपळपार | सोमवार, रात्री ९:५०

राउटर बंद-चालू करून बघितलात का? 🙂

(सॉरी ताई, राहवलं नाही. वाचतोय, जाणकार येतीलच.)

---

तारजोडणी | सोमवार, रात्री १०:१५

डोंबिवलीत एका लहान इंटरनेट कंपनीत अकरा वर्षं नेटवर्क सांभाळतोय. ताई, आधी तीन गोष्टी करून बघा म्हणजे अंदाजाने बोलायला नको.

एक, एका कॉम्प्युटरवर डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलून १.१.१.१ किंवा ८.८.८.८ टाका आणि साइट उघडते का बघा. दोन, पत्ता एचटीटीपीएसने सुरू होतो का ते सांगा. तीन, शेजारी दुसऱ्या कंपनीचं ब्रॉडबँड असेल तर तिथे बघून या. उत्तरं इथे लिहा, मग पुढचं सांगतो.

---

जुनाखडू | सोमवार, रात्री ११:०२

रांगेतल्या आठ जणींना माझा नमस्कार. तो महिना मलाही लख्ख आठवतो. नवीन सभासदांसाठी थोडं लिहितो, कारण त्या वेळी शाळेत असलेली मुलं आज इथे लिहितात आणि त्यांना वाटतं इंटरनेट पहिल्यापासून असंच होतं.

डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने जाहीर केलं की स्काइप, व्हायबरवरून कॉल करायचा तर त्या डेटाचे वेगळे पैसे पडतील. एवढा ओरडा झाला की काही दिवसांत ते मागे घेतलं. मग मार्च २०१५ मध्ये ट्रायने चर्चापत्र काढलं. शंभरावर पानं आणि वीस प्रश्न, सामान्य माणूस उघडून मिटून टाकेल असं. काही तरुण मुलांनी 'सेव्ह द इंटरनेट' नावाने त्या प्रश्नांची उत्तरं सोप्या भाषेत तयार केली आणि दहा लाखांवर मेल गेले. मधेच 'एअरटेल झिरो' आलं. अ‍ॅपवाल्या कंपनीने एअरटेलला पैसे भरले की तिचं अ‍ॅप ग्राहकाला फुकट, बाकीच्या अ‍ॅपना डेटा लागणार. फ्लिपकार्ट त्यात जाणार होतं, लोकांचा राग बघून बाहेर पडलं. एप्रिलच्या शेवटी ट्रायने आलेले सगळे मेल पत्त्यांसकट साइटवर टाकले! माझा ईमेल पत्ता तेव्हापासून जगजाहीर आहे.

मग फेसबुकचं 'फ्री बेसिक्स', म्हणजे यादीतल्या ठरावीक साइट तेवढ्या फुकट. रस्त्यावर होर्डिंगं, पेपरात पानभर जाहिराती. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने नियम काढला की कुठली साइट बघताय यावरून डेटाचा दर बदलता येणार नाही. मोडलं तर दिवसाला ५०,००० रुपये दंड, कमाल ५० लाख. आधी मिळायचे ते खास व्हॉट्सअ‍ॅपचे पॅक आठवतात का? ते त्यानंतरच गेले.

पण ताई, तो नियम दराचा होता. साइट बंद करणं हा वेगळा विषय आहे.

---

मोखाडाशाळा | मंगळवार, सकाळी ६:३०

मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

मी मोखाड्याच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. २०१५ मध्ये पुण्या-मुंबईची मंडळी फ्री बेसिक्सच्या विरोधात मेल पाठवत होती तेव्हा आमच्या पाड्यातल्या एकाही पालकाकडे डेटा पॅक नव्हता. त्यांना हवामान, आरोग्य, एखादा ज्ञानकोश एवढं जरी फुकट मिळालं असतं तरी काय बिघडलं असतं? ज्याचं ताट भरलेलं आहे त्याने उपाशी माणसाला सांगायचं की अर्धी भाकरी घेऊ नकोस, तत्त्वाचा प्रश्न आहे!

लॉकडाउनमध्ये तर मी रोज हा विचार करायचो. एका घरात एक फोन, तीन मुलं, दिवसाचा डेटा दुपारीच संपलेला. अभ्यासाच्या साइट तेवढ्या फुकट असत्या तर माझी किमान पाच-सहा मुलं शाळेतून गळली नसती. त्यांची नावं मला पाठ आहेत.

---

बॉनकर | मंगळवार, सकाळी ११:४८

सर, तुमचं म्हणणं टाळता येण्यासारखं नाही. पण इथला अनुभव सांगतो.

जर्मनीत डॉइचे टेलिकॉमने २०१७ मध्ये 'स्ट्रीमऑन' आणलं. यादीतल्या गाण्यांचा आणि व्हिडिओंचा डेटा मोजायचाच नाही. मीही घेतलं होतं आणि मला ते आवडायचंही. पण माझ्या ओळखीचे तिघं मिळून एक छोटं भारतीय शास्त्रीय संगीताचं अ‍ॅप चालवायचे. लोक त्यांना म्हणायचे, तुमचं ऐकलं की डेटा जातो, मोठ्यांचं ऐकलं की जात नाही. यादीत येण्यासाठी पैसे नव्हते, पण तांत्रिक अटी पुऱ्या करायला माणूस लागायचा आणि तो त्यांच्याकडे नव्हता. शेवटी त्यांनी अ‍ॅप बंद केलं.

सप्टेंबर २०२१ मध्ये युरोपीय न्यायालयाने असे प्लॅन नियमात बसत नाहीत असा निकाल दिला आणि २०२२ मध्ये इथल्या नियामकाने त्यावर बंदी घातली. नियामक आणि कंपनी दोघांचीही मुख्यालयं आमच्या बॉनमध्येच आहेत. भारताने हे पाच-सहा वर्षं आधी केलं होतं. मी ऑफिसात हे अभिमानाने सांगितलं आहे.

---

मोखाडाशाळा | मंगळवार, दुपारी १:१०

तुमच्या मित्रांचं वाईट वाटलं. पण गाण्याचं अ‍ॅप आणि सातवीचं गणित यांची तुलना कशी करायची?

---

जुनाखडू | मंगळवार, दुपारी १:४०

गुरुजी, तुलना नकोच. सातवीच्या गणिताचंच बोलू. यादी कोण करणार, हा माझा प्रश्न. फ्री बेसिक्स भारतात २०१५ च्या फेब्रुवारीत इंटरनेट डॉट ऑर्ग या नावाने आलं तेव्हा ते एकाच कंपनीच्या, रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या, सिमवर होतं आणि त्यात तीसेक साइट होत्या. तुम्ही उद्या तुमच्या वारली-कातकरी मुलांसाठी त्यांच्या बोलीत धडे बनवले असते तर ते त्या यादीत जाणार की नाही हे कॅलिफोर्नियात ठरलं असतं.

फुकट द्यायचं तर डेटा द्या, काय बघायचं ते ग्राहकाला ठरवू द्या. ट्रायनेच डिसेंबर २०१६ मध्ये शिफारस केली होती की ग्रामीण ग्राहकाला महिन्याला १०० एमबी मोफत द्यावेत आणि खर्च सरकारच्या सार्वत्रिक सेवा निधीतून करावा. त्यात कुठल्या साइटचं नाव नव्हतं. त्यासाठी मात्र आम्ही शहरातल्यांनी दहा लाख मेल पाठवले नाहीत. एवढं तुमचं बोलणं मला लागलं, आणि ते बरोबर आहे.

---

मोखाडाशाळा | मंगळवार, दुपारी २:०५

हे मान्य. धन्यवाद, जुनाखडू. पाड्यात डेटा शेवटी सप्टेंबर २०१६ नंतर आला, जिओ आल्यावर दर कोसळले तेव्हा. टॉवरची रेंज अजून टेकडीवर चढल्याशिवाय मिळत नाही, पण तो वेगळा धागा होईल.

---

सोसायटीसेक्रेटरी | मंगळवार, सायंकाळी ७:२०

थोडं अवांतर. आमच्या इमारतीत एकच केबलवाला आहे, दुसऱ्याला तो आत वायर टाकू देत नाही. त्याच्या पत्रकावर लिहिलंय "इंटरनेट ३० एमबीपीएस, यूट्यूब १०० एमबीपीएस". हे चालतं का? यूट्यूबला वेगळा वेग म्हणजे भेदभाव नाही का?

---

तारजोडणी | मंगळवार, रात्री ८:००

चांगला प्रश्न. आमच्या धंद्यात हे सर्रास आहे. गुगल, नेटफ्लिक्स यांच्यासारखे मोठे लोक त्यांच्या लोकप्रिय व्हिडिओंच्या प्रती ठेवणारी मशिनं इंटरनेट कंपन्यांच्या खोलीतच बसवतात. तुमच्या मुलीने बालगीत लावलं की ते अमेरिकेहून येत नाही, दोन स्टेशनं पलीकडून येतं. बाहेरून आणायचा डेटा आम्ही विकत घेतो, घरातल्या मशिनवरचा जवळजवळ फुकट पडतो. म्हणून केबलवाला त्याचा वेग जास्त देतो. अशा साठवणीच्या जाळ्यांना ट्रायने २०१७ च्या शिफारशींत नेट न्यूट्रॅलिटीतून बाहेर ठेवलंय.

मला स्वतःला ही फट खटकते. मशीन बसवणं योग्य आहे, त्याने सगळ्यांचाच रस्ता मोकळा होतो. पण ग्राहकाच्या प्लॅनमध्येच दोन वेग लिहायचे म्हणजे छोट्या साइटला जन्मतःच मागच्या बाकावर बसवणं.

बाकी एका इमारतीत एकच वायर, हा खरा रोग. दुसरा पर्याय असता तर अभ्यासिकावाली ताईंनी पाच फोन केले नसते, कंपनी बदलली असती.

---

हडपसर_मिहीर | मंगळवार, रात्री ८:३५

कंपन्यांची बाजूही बघा की. टॉवर त्यांनी उभे करायचे, स्पेक्ट्रमला हजारो कोटी त्यांनी भरायचे, आणि सगळा ट्रॅफिक चार-पाच बड्या कंपन्यांचा. त्यांनी थोडे पैसे दिले तर बिघडलं कुठे?

---

बॉनकर | मंगळवार, रात्री ९:१५

दक्षिण कोरियात हा प्रयोग झालाय. पाठवणाऱ्याच्या नेटवर्कने पैसे द्यायचे, अशी पद्धत तिथे आहे. खेळांचे थेट व्हिडिओ दाखवणाऱ्या ट्विचने आधी व्हिडिओचा दर्जा उतरवला, मग फेब्रुवारी २०२४ मध्ये देशच सोडला, कारण दिलं की नेटवर्कचा खर्च परवडत नाही. आणि मिहीर, व्हिडिओ यूट्यूब 'पाठवत' नाही, मी मागतो म्हणून तो येतो. त्या मागण्याचे पैसे मी दर महिन्याला भरतोच.

---

अभ्यासिकावाली | बुधवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. तारजोडणी दादा, तुम्ही सांगितलेलं सगळं केलं.

डीएनएस बदलला, फरक नाही. पत्ता एचटीटीपीएसचाच आहे. समोरच्या मेडिकलमध्ये दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन आहे, तिथे व्यवस्थित उघडली. म्हणजे फक्त आमच्याच कंपनीवर बंद.

---

तारजोडणी | बुधवार, रात्री १०:१०

मग चित्र बरंच स्पष्ट झालं. सगळ्यांना कळेल असं सांगतो.

साइट अडवायच्या दोन मुख्य जागा. पहिली डीएनएस. तुम्ही तलाठ्याकडे गेलात आणि अमक्याचं शेत कुठल्या गटात आहे विचारलंत, आणि तलाठी म्हणाला असं शेतच नाही. मग तुम्ही दुसऱ्या कोणाकडून गट नंबर आणता आणि पोचता. ताईंनी डीएनएस बदलला तो याचसाठी, पण उपयोग झाला नाही.

दुसरी जागा वाटेवरची. एचटीटीपीएसमध्ये आतला मजकूर बंद असतो, पण जोडणी सुरू होताना तुमचा कॉम्प्युटर साइटचं नाव उघडपणे उच्चारतो. या नावाला एसएनआय म्हणतात. कंपनीचं मशीन ते नाव ऐकतं, यादीत असलं की मधेच जोडणी तोडतं. तेच तुमचं "रीसेट". बंगळूरच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीच्या संशोधकांनी २०१९-२० मध्ये भारतीय कंपन्या तपासल्या तेव्हा या दोन्ही पद्धती सापडल्या. प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी, आणि बंद असलेल्या साइटच्या याद्याही सारख्या नाहीत. ताईंचं आणि मेडिकलवाल्याचं वेगळं उत्तर येणं नवं नाही.

आणि आतल्या गोटातली गोष्ट. आदेश पुष्कळदा एका विशिष्ट पानाबद्दल असतो. पण एचटीटीपीएसमध्ये आम्हाला पान दिसत नाही, फक्त साइटचं नाव दिसतं. मग एका पानासाठी अख्खी साइट जाते. मी स्वतः अशा याद्या मशीनमध्ये भरल्या आहेत. शंभर नावं ईमेलने येतात, संध्याकाळपर्यंत भरायची असतात, प्रत्येक नाव उघडून बघायला वेळ नसतो. आपल्या हातून काय बंद झालं असेल, हा विचार त्यानंतर बरेचदा येतो.

---

काळाकोट | गुरुवार, सकाळी ८:५५

वकिली करते, म्हणून कायद्यापुरतं.

ताईंच्या मूळ प्रश्नाचं उत्तर मला असं दिसतं. जुलै २०१८ मध्ये केंद्राने ट्रायच्या शिफारशी मान्य केल्या आणि नेट न्यूट्रॅलिटी इंटरनेट कंपन्यांच्या परवान्याची अट झाली. साइट अडवायची नाही, वेग कमी करायचा नाही, कोणाला झुकतं माप द्यायचं नाही. म्हणजे कंपनीने स्वतःच्या मनाने साइट बंद केली असेल तर तो परवान्याचा भंग आहे. पण सरकारचा किंवा कोर्टाचा आदेश असेल तर तो अपवाद आहे, तिथे ही अट लागू होत नाही.

म्हणजे सगळं एका गोष्टीवर येऊन थांबतं. आदेश आहे की नाही? आणि नेमकं तेच ग्राहकाला कोणी सांगत नाही. सरकार माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली साइट बंद करतं, त्याच्या २००९ च्या नियमांत नियम १६ गुप्ततेचा आहे. त्याचं बोट धरून माहिती अधिकारातले अर्ज फेटाळले जातात. मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात ६६अ (ऑनलाइन लिहिल्याबद्दल शिक्षेचं कलम) रद्द केलं तेव्हा ६९अ मात्र टिकलं. ट्रायच्या प्रश्नांना तुम्ही उत्तरं देऊ शकलात कारण ते प्रश्न तुम्हाला विचारले गेले होते. इथे कोणी विचारतच नाही.

नमुन्यासाठी आपल्याच मुंबईचं उदाहरण. २०१४ च्या डिसेंबरात एटीएसच्या तक्रारीवरून ३२ साइट बंद झाल्या. त्यात प्रोग्रामर मंडळींचं गिटहब, व्हिडिओंचं व्हिमिओ आणि जुनी पुस्तकं जपणारं इंटरनेट अर्काइव्हही होतं. दहशतवादी मजकूर काही पानांवर, शिक्षा सगळ्यांना. २०२२ मध्ये व्हीएलसी प्लेअरची साइट कित्येक महिने बंद होती. ते चालवणाऱ्या संस्थेने कायदेशीर नोटीस दिली तेव्हा नोव्हेंबरात उघडली.

याच मुंबईत उलट उदाहरणही आहे. २०१६ मध्ये एका हिंदी चित्रपटाच्या निर्मात्यांनी मुंबई उच्च न्यायालयात सरसकट साइट बंद करायची मागणी केली. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ती दिली नाही. नेमक्या लिंक द्या म्हणाले, आणि बंद पानावर लोकांना कारण दिसलं पाहिजे, कोणाकडे जायचं ते कळलं पाहिजे असंही सांगितलं. ताईंच्या पडद्यावर "रीसेट" ऐवजी तेवढ्या चार ओळी असत्या तर हा धागाच निघाला नसता.

---

पिंपळपार | गुरुवार, सकाळी ९:२०

बंद साइटवर दिसायचा तो त्याच वेळचा संदेश ना, "हे पान बघितल्यास तीन वर्षं तुरुंगवास आणि तीन लाख दंड"? आमच्या हॉस्टेलवर एकाने तो बघून लॅपटॉपची बॅटरी काढून वेगळ्या कपाटात ठेवली होती. दोन दिवस जेवला नाही बिचारा.

---

काळाकोट | गुरुवार, सकाळी ९:३५

😄 त्याला आता तरी सांगा. नुसतं बघणं हा गुन्हा नाही, हे त्याच न्यायमूर्तींनी २०१६ च्याच ऑगस्टमध्ये स्पष्ट केलं होतं.

ताई, पुढचं पाऊल. फोन पुरे. कंपनीकडे लेखी तक्रार करा, डॉकेट नंबर (तक्रार क्रमांक) घ्या. मजकूर एवढाच ठेवा: "ही साइट कोणत्या आदेशाने बंद आहे? आदेश नसेल तर परवान्याच्या अटीनुसार ती सुरू करा." उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जा. सोबत केंद्राच्या तक्रार पोर्टलवर दूरसंचार विभागाच्या नावे एक तक्रार टाका. मेडिकलमधला आणि तुमचा, दोन्ही स्क्रीनशॉट तारखेसकट जोडा.

---

मोखाडाशाळा | गुरुवार, दुपारी ४:००

मलाही ती साइट हवी आहे. टेकडीवर जाऊन उतरवून घेईन आणि वर्गात दाखवीन. नाव कळवा ताई.

---

अभ्यासिकावाली | १९ दिवसांनी, रात्री ८:४५

धागा वर काढतेय, कारण सांगण्यासारखं आहे.

काळाकोट ताईंनी सांगितलं तशी लेखी तक्रार केली. आठवड्याने एसएमएस आला, "आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे", आणि साइट बंदच. मग अपील केलं, पोर्टलवरही टाकलं. परवा कंपनीतून एका गृहस्थांचा फोन आला. अतिशय सभ्य बोलले. साइट कुठल्या यादीत होती का विचारलं तर म्हणाले, "तांत्रिक कारण होतं, आता सुरळीत आहे." हेच लेखी द्या म्हटलं, तर म्हणाले बघतो.

आणि खरंच उघडली. आज संध्याकाळी बारावीच्या पोरांनी दोलकाची दोरी लांब-आखूड करून आवर्तकाल मोजले. एकीने गुरुत्व चंद्राचं लावलं आणि सगळा वर्ग तिच्या कॉम्प्युटरभोवती गोळा झाला. मोखाड्याच्या सरांना नाव कळवलं आहे. त्यांच्यासाठी इंटरनेटशिवाय चालणारी प्रतही आम्ही पेनड्राइव्हवर पाठवतोय.

पण मला समाधान नाही. आदेश होता का? असला तर कोणाचा? नसला तर दीड महिना ती बंद का होती? आज उघडली तशी उद्या पुन्हा बंद होईल आणि पुन्हा कोणी सांगणार नाही. म्हणून काल दूरसंचार विभागाकडे माहिती अधिकारात अर्ज केला. या साइटबद्दल काही आदेश निघाला होता का, एवढा एकच प्रश्न. नियम १६ दाखवून नाकारला तर पहिलं अपील करणार, काळाकोट ताईंनी मसुदा बघायचं कबूल केलंय.

---

तारजोडणी | रात्री ९:१०

ताई, साइट कुठल्या तारखेला, किती वाजता उघडली ते लिहून ठेवा. राउटरमध्ये नोंद असेल तर तिचा फोटो काढा, आज रात्रीच. काही राउटर आठवड्याने जुन्या नोंदी पुसतात.

---

अभ्यासिकावाली | रात्री ९:२५

काढते, आत्ताच.